सफरचंदाच्या बियांपासून केलेल्या रोपांवर कलम बांधावे का? वरूड भागासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार. आमची विदर्भातल्या वरूड तालुक्यात (जि. अमरावती) संत्र्याची बाग आहे. गेल्या हिवाळ्यात आईने बाजारातल्या सफरचंदांच्या बिया ओलसर रेतीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, कारण दोन-तीन महिने थंडी मिळाल्याशिवाय ही बी सहसा उगवत नाही. त्यातली काही रोपे शेडनेटखाली उन्हाळा काढून आता गुडघाभर झाली आहेत. मे महिन्यात पानांच्या दातेरी कडा करपल्या होत्या, मात्र पावसाळ्यात शेंड्याला नवी, मागून लवदार अशी पालवी आली. एवढे सोसलेली रोपे वाया जाऊ नयेत, अशी मनापासून इच्छा आहे.

सफरचंदाला सहसा दुसऱ्या जातीचा पराग लागत असल्यामुळे बियांच्या झाडाला मूळ फळासारखे फळ येत नाही, आणि जे येते त्यालाही सहा ते दहा वर्षे लागू शकतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून जंबेरीच्या (एक रानलिंबू) खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, आपण संत्र्याचा डोळा (कळी) बांधतो, त्याप्रमाणे या रोपांचा खुंट करून त्यावर कमी थंडीत फळणारी जात बांधण्याचा विचार आहे. हिमाचलातील बिलासपूरचे हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९, किंवा ॲना आणि तिच्या परागासाठी डॉर्सेट गोल्डन, या जाती डोळ्यांसमोर आहेत.

मुख्य अडचण वेळेची आहे. थंड प्रदेशात पानगळ होऊन झाड झोपलेले असताना कलम करतात, पण आमच्याकडे पाने पुरती झडतच नाहीत. मग डिसेंबरात ती हाताने काढावीत का? आंबिया बहारासाठी (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) संत्र्याला पाणी तोडून ताण देतो, तसा ताण पुढे सफरचंदाला मानवेल का, की त्यात कोवळे झाड दगावेल?

दुसरी शंका जमिनीची. विहिरीजवळचा तुकडा काळा, भारी आहे आणि श्रावणात तिथे पाणी साचते. शेजारच्या संत्र्यांवर डिंक्याही (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आहे. डिंक्याची फायटोफ्थोरा ही बुरशी आणि सफरचंदाच्या बुंध्याची कूज करणारी बुरशी एकाच कुळातली असल्यामुळे तिथे लावण्याची हिंमत होत नाही. त्याऐवजी वरच्या बरड जमिनीत, उंच गादीवाफ्यावर ठिबक देऊन लावणे बरे राहील का?

विदर्भात ज्यांनी प्रत्यक्ष फळ घेतले आहे, त्यांनी आपली जात, खुंट, जमीन आणि कलमाचा महिना कृपया कळवावा.