कॅन्सर म्हणजे चुना सुटलेली भिंत? शिबिरात हे सांगावं का?

लॅबवाली, चिपळूण
गुहागरकडच्या एका आरोग्य शिबिरात वक्त्यांनी बायकांना सांगितलं: स्तनातल्या पेशी म्हणजे चिऱ्यांची भिंत, ई-कॅडहेरिन हे प्रथिन म्हणजे मधला चुना. चुना गेला की भिंत ढासळते नि कॅन्सर अंगभर पसरतो. टाळ्याही पडल्या. माझ्या मते हे अर्धवट आहे आणि असं सांगू नये. आजूबाजूला घुसायला पकड सैल झाली तर पेशीचं फावतं, इथवर ठीक. पण घुसणं वेगळं आणि फुफ्फुसात जाऊन तग धरणं वेगळं. बहुतेक डक्टल (दूधनळ्यांत सुरू होणाऱ्या) गाठींत ई-कॅडहेरिन शाबूत असतं. स्लाइडवर ते रंगवलं की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड जाळीसारखी उठून दिसते, तरी त्यातल्या कितीतरी काखेतल्या लसिकाग्रंथींत पोचलेल्या असतात.

डॉक्टर, वेंगुर्ला
मॅडम, ती भिंत माझीच. पण लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींतला कॅन्सर, विसरलात? तिथे ई-कॅडहेरिन बनवणारं सीडीएच१ जनुक बिघडतं, प्रथिन जातं आणि पेशी एकामागे एक रांगेने आत शिरतात. बऱ्याचदा गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतही निसटते. समोर काजू कारखान्यातून खाडा करून आलेल्या बायका असतात. त्यांना काय इंटिग्रिनसारखी चिकटण्याची प्रथिनं शिकवू? भिंत कळते. धसका घेऊन का होईना, तपासायला येतात.

लॅबवाली, चिपळूण
लोब्युलर शंभरात 10 ते 15. त्यावरून सगळ्यांना एकच नियम? 2019 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उंदरांतल्या डक्टल गाठींतून ई-कॅडहेरिन काढलं. पेशी जास्त घुसल्या खऱ्या, पण मरायलाही लागल्या आणि दूरच्या गाठी कमी झाल्या. रक्तातही सुट्या पेशीपेक्षा घोळक्याने जाणाऱ्या पेशी कितीतरी पटींनी जास्त रुजतात, हे 2014 मध्येच दाखवलंय. घोळका टिकतो तो चिकटून राहिल्यामुळेच ना?

देवगडकर
माझ्या मावशेच्या रिपोर्टात ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ लिवलेला. असलाच भाषण आयकान घरात रडारड, म्हटला आता संपला. परळाक टाटात डॉक्टरांनी सांगल्यानी, ह्या कॅन्सराचो प्रकार वळखूक आसा. उपचार ठरतले टप्पो, ग्रेड, ईआर-पीआर (हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशी वाढवणारा प्रथिन) बघून. मावशी आता गोळी घेता नि बागेत फिरता. आणि चुन्याचा म्हणशात, तर आमचे कुंपणाचे दगडी गडगे बिनचुन्याचेच, आज्याच्या वक्तापासून उभे!

डॉक्टर, वेंगुर्ला
गडग्याला हात जोडले! इन्फ्लमेटरी (स्तन लाल होऊन सुजतं त्या) प्रकारात तर पेशी उलट घट्ट चिकटून लसिकावाहिन्यांत गुठळ्या करतात, तोही माझ्या भिंतीत बसत नाही, हे मान्य. पण रिपोर्ट समजावणं हे शिबिराचं काम नव्हे. तिथे बाई तपासणीच्या टेबलापर्यंत आली की जिंकलो.

लॅबवाली, चिपळूण
टेबलापर्यंत येते, सुईपाशी अडते. त्याच शिबिरानंतर एका काकींनी मला विचारलं, “बायोप्सीची सुई घातलीत तर चुना निघून येईल, मग?” आधीच ‘सुई लावली की पसरतो’ हे गावोगाव घट्ट बसलंय, त्यात तुम्ही कारणही पुरवलंत. बायोप्सी टाळली तर लोब्युलर की डक्टल, कळणार तरी कसं?

डॉक्टर, वेंगुर्ला
हे मात्र झोंबलं. दापोलीच्या शिबिरात आधी सुईचं बोलेन. भिंत मात्र ठेवतो.

लॅबवाली, चिपळूण
भिंतच काढा हो.