गुडघा बदलून पाच आठवडे झाले, आईच्या अंगात त्राणच नाही. मदत हवी आहे

रेवती_टी
आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, जखम छान भरली, एक्स-रे उत्तम आहे असं डॉक्टर म्हणाले. वॉकर घेऊन चालते. पण अंगात त्राण नाही. सकाळी आंघोळ केली की तासभर पडून राहते, दुपारी जेवताना मान खाली जाते. काल बेडपासून बाथरूमपर्यंत जाताना, जेमतेम बारा पावलं, मधेच थांबली आणि वॉकरच्या दांडीवर कपाळ टेकवून उभी राहिली. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "दुखत नाही गं, थकले फक्त." बाबांना हा आळस वाटतो. फिजिओवाले म्हणतात मनावर घ्या. माझी सुट्टी १८ तारखेला संपते, पुण्याला परतायचं आहे. काहीतरी ठोस सांगा. "हळूहळू होईल" हे महिनाभर ऐकून राहिले आहे.

कुसुमताई
डिंकाचे लाडू सुरू कर बाळा. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, घरचं तूप. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आणि सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हाही त्यांनीच अंग भरलं. सकाळी एक, संध्याकाळी एक.

बुलडीकर
काकू, मे महिना सुरू आहे. नागपुरात ४५ डिग्री आणि तुम्ही डिंकाचे लाडू सांगून राहिल्या? अंग भाजून निघेल त्यांचं. ताक, पन्हं, आंबील द्या. उन्हानेच जीव जातो इथे, धडधाकट माणसाचासुद्धा.

कुसुमताई
लाडू उष्ण पडतो तो दूध न घेतल्यामुळे. आम्ही उन्हाळ्यातही खाल्लेत, कूलरही नव्हता तेव्हा, खसाच्या ताट्या होत्या.

नीलिमा_डी
रेवती, वय काय? एक गुडघा की दोन्ही? शुगर, बीपी, थायरॉइड यांतलं काही? ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन किती होतं? गोळ्या कोणत्या चालू आहेत? यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. असं कोणी काय सांगणार?

रेवती_टी
वय ६४, उजवा गुडघा. शुगर नाही. बीपी आहे पण ते गोळीने कंट्रोलमध्ये आहे, त्याचा काय संबंध? हिमोग्लोबिन डिस्चार्जच्या कागदावर असेल, शोधते.

देवनगर_आजोबा
माझे दोन्ही गुडघे बदललेत. रोज दोन तास व्यायाम केला, डोळ्यांतून पाणी आलं तरी गुडघा वाकवला. आज मी अंबाझरीच्या काठाने पहाटे चार किलोमीटर चालतो. लाड केले तर गुडघा आखडतो आणि मग जन्मभर आखडलेलाच राहतो. आईला उठवा.

हालचाल_फिजिओ
आजोबा, तुमचा निर्धार मोठा आहे, पण हा सल्ला सगळ्यांना लागू करू नका. अंगात रक्त कमी असलेल्या माणसाकडून सलग दोन तास करून घेतलं तर गुडघा सुजतो, रात्री ठणकतो, झोप जाते आणि दुसरा दिवस वाया जातो. गुडघा आखडू द्यायचा नाही हे बरोबर. म्हणून वेळ तोडायची: दिवसातून चारदा, दर वेळी पंधरा मिनिटं. घोटा वर-खाली, मांडी आवळून धरणं, टाच ओढत गुडघा वाकवणं. मग पाय उंच आणि वीस मिनिटं बर्फ, मधे कापड ठेवून. पडलेली असताना गुडघ्याखाली उशी ठेवता का? ठेवत असाल तर काढा. वाकवण्याइतकाच गुडघा सरळ होणंही महत्त्वाचं आहे. पाय उंच करायचा तर उशी टाचेखाली.

देवनगर_आजोबा
पंधरा मिनिटांनी काही होत नाही. मी करून दाखवलं आहे.

विश्वास_मनीषनगर
आमच्याही आईचं करायचं आहे. रोबोटने केलेलं चांगलं की हाताने? खर्च किती येतो? २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तरी बिल खूप होतं म्हणतात. धंतोलीत करावं की रामदासपेठेत?

नीलिमा_डी
विश्वासभाऊ, नवीन धागा काढा ना. इथे प्रश्न वेगळा आहे.

मोहाडीची_शोभा
ऑपरेशन करायलाच नको होतं. माझ्या मावशीचे गुडघे नुसत्या तेलाच्या मालिशने बरे झाले, आज मांडी घालून बसते.

बुलडीकर
झालेलं ऑपरेशन आता परत घ्यायचं का ताई? आणि ताज्या ऑपरेशनच्या पायाला, पोटरीला तर अजिबात, जोरात मालिश करू नये. रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून वर जाऊ शकते. माझ्या काकांना या दिवसांतच गुठळी झाली होती.

औषधवाला_२२
मी औषधाच्या दुकानात २२ वर्षं आहे. रेवतीताई, सगळ्या पट्ट्या समोर घेऊन नावं, ताकद आणि प्रत्येक गोळी किती वाजता घेतात ते लिहा. "बीपीची गोळी" असं नको. पट्टीवर जे छापलं आहे तेच.

रेवती_टी
कागद सापडला. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी ११.८, डिस्चार्जच्या दिवशी ९.१. त्यानंतर तपासलेलं नाही, कोणी सांगितलंही नाही.
गोळ्या: सकाळी ६ वाजता थायरॉइडची (हो, थायरॉइड आहे, पंधरा वर्षांपासून, लिहायचं राहिलं), बीपीची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी, कॅल्शियम, लोह. सगळ्या एकदमच, चहासोबत. म्हणजे विसरायला होत नाही. दुखण्यासाठी प्रेगाबालिन ७५ सकाळी आणि रात्री, ट्रामाडोल-पॅरासिटामॉल दोनदा. रक्त पातळ करायची गोळी होती, ती संपली.

औषधवाला_२२
ताई, घोळ बराचसा इथेच दिसतो. थायरॉइडची गोळी कॅल्शियम आणि लोहासोबत घेतली की अंगात नीट शोषली जात नाही, मधे चार तास लागतात. लोहाला चहा आडवा येतो आणि कॅल्शियमही. म्हणजे तिन्ही गोळ्या रोज घेताहेत, पण अंगाला पूर्ण लागत नसणार. पाच आठवडे असं चाललं असेल तर थायरॉइडही वर-खाली झालेला असू शकतो.
प्रेगाबालिन आणि ट्रामाडोल दोन्ही सुस्ती आणतात, एकत्र तर जास्तच. सकाळचा डोस घेऊन माणूस दुपारी मान टाकणारच. पण मनाने एकही बंद करू नका. प्रेगाबालिन एकदम थांबवायची नसते, डॉक्टर टप्प्याने कमी करतात.

वर्षा_नर्स
मी एक जोडते, हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी गोळी. उन्हाळ्यात घाम, वरून ही गोळी, जेवण कमी, आणि "भरपूर पाणी प्या" म्हणून नुसतं साधं पाणी, असं झालं की म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. मग अशीच ग्लानी, पाय जड, कधी बडबड. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही मोजा. डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं), सोडियम-पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ करून घ्या. पूर्ण शाकाहारी आहेत का?
आणि यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही: एका पोटरीला सूज आणि कळ, धाप, छातीत दुखणं, ताप, जखमेतून पाणी, डांबरासारखी चिकट काळी शी. लोहाच्या गोळीने शी काळसर होतेच, पण चिकट आणि घाण वासाची असेल तर लगेच दवाखाना.

रेवती_टी
हो, शाकाहारी. अंडंही नाही. जेवण म्हणजे एक पोळी, वरणाचं पाणी, दोन घास भात. पोट साफ होत नाही म्हणून खातच नाही.

सावजीप्रेमी
शाकाहारी नसत्या तर पायाचं सूप सांगितलं असतं. आमच्याकडे हाड मोडलं की तेच.

नीलिमा_डी
वरणाचं पाणी नको, दाटच वरण दे. पनीर, दही, भिजवलेले मूग, सोयाबीन, सत्तू. जखम आणि स्नायू प्रोटीनवरच भरतात. दोनदा पोटभर जमत नाही तर सहादा वाटी-वाटी. पोट साफ न होण्यामागे ट्रामाडोल आणि लोह दोन्ही असू शकतात, तेही डॉक्टरांना सांग.
माझंही झालं आहे हे, तीन वर्षांपूर्वी, ५८ व्या वर्षी. सगळे गुडघ्याबद्दल विचारत, थकव्याबद्दल कोणी नाही. रात्री तासा-तासाने जाग यायची, कुशीवर वळताच यायचं नाही. दीड महिना सलग झोप मिळाली नव्हती. केस विंचरायला हात वर केला तरी बसावंसं वाटायचं. आंघोळीसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि आंघोळ सकाळऐवजी संध्याकाळी केली, तेव्हा सकाळचा जीव व्यायामाला उरायला लागला. बाबांना हे वाचून दाखव. आळशी माणूस बारा पावलांत दांडीवर कपाळ टेकत नाही.

देवनगर_आजोबा
माझं हिमोग्लोबिन तेव्हा १३ होतं, हे आत्ता फाइल काढून पाहिलं. ताईंच्या आईची गोष्ट वेगळी आहे. आधी रक्त पाहा.

रेवती_टी
(नऊ दिवसांनी)
त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ८.८, सोडियम उतरलेलं, १३०, आणि टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरत नव्हती. बीपीची गोळी बदलली, लघवीवाली काढली. प्रेगाबालिन आता फक्त रात्री, ट्रामाडोल बंद, साधी पॅरासिटामॉल. लोह शिरेतून दिलं. थायरॉइडची गोळी पहाटे एकटी, साध्या पाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. डब्याचे कप्पे बाबा स्वतः भरतात आता, चष्मा लावून, एकेक पट्टी वाचून. परवा त्यांनी आईला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगत तर होते."
थकवा गेलेला नाही. लोहाला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले. पण दुपारची मान टाकणं थांबलं. काल ओट्याशी उभी राहून कढीला फोडणी दिली आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बसली.
परवा मी निघते. बाबा दुपारी दुकानात असतात, १ ते ४ आई एकटी. त्रिमूर्तीनगरच्या आसपास त्या वेळेत कोणी बाई मिळेल का?

कुसुमताई
मी प्रतापनगरला राहते, तुझ्या घरापासून दूर नाही. दुपारी मी रिकामीच असते. बाई मिळेपर्यंत मीच येऊन बसेन. पत्ता निरोपात पाठव, आणि त्यांना काय खायला चालतं तेही लिही, तेवढंच आणीन.