शत्रूच्या घरातला मॅनेजर आणून बसवला – एव्हर्टन-बेनिटेझ प्रकरणात नक्की चुकलं कोण?

निळ्या_बाजूचा

काल एका मित्राशी यावरून इतकी जुंपली की शेवटी फोन ठेवून दिला, म्हणून इथे विचारतो. २०२१ च्या जूनमध्ये मॅनेजर ॲन्चेलोत्ती अचानक रियल माद्रिदला निघून गेले, एव्हर्टनची खुर्ची रिकामी झाली आणि महिना संपता संपता, ३० जूनला, तिथे बसवलं कोणाला तर राफा बेनिटेझला. म्हणजे ज्याने आमच्याच शहरातल्या वैरी लिव्हरपूलला २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, सहा वर्षं त्यांच्या ॲनफिल्ड ग्राउंडवर काढली आणि २००७ ची डर्बी (या दोन शेजाऱ्यांची मॅच) ०-० सुटल्यावर एव्हर्टनला छोटा क्लब म्हणून मोकळा झाला, तोच हा. दोन्ही ग्राउंडच्या मध्ये तेव्हा एक स्टॅन्ली पार्क, बस. दोन्ही क्लब सांभाळलेला त्याच्याआधी एकच माणूस होता, विल्यम बार्क्ले, आणि तोही एकोणिसाव्या शतकात, तेव्हा तर हे वैर जेमतेम सुरू होत होतं.

सही व्हायच्या आधीच, तो राहतो असं समजून एका घराजवळ कोणीतरी बॅनर लावला, तू कुठे राहतोस माहितीये, सही करू नकोस अशा अर्थाचा. हा प्रकार घाणेरडाच, त्याचं समर्थन कोणीच करणार नाही.

मित्राचं म्हणणं असं की बिचाऱ्याला फॅन्सनी पहिल्या दिवसापासून जगू दिलं नाही म्हणून बट्ट्याबोळ झाला. मला हे पटत नाही कारण सुरुवात तर झकास होती राव, पहिल्या सात मॅचमध्ये चौदा पॉइंट, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी १-१, टाउनसेंडने गोल मारून रोनाल्डोसमोर रोनाल्डोचीच उडी मारून दाखवली वगैरे. तेव्हा कोणी शिव्या देत नव्हतं. मग ऑक्टोबरमध्ये घरच्या ग्राउंडवर वॉटफर्डविरुद्ध ७८ व्या मिनिटापर्यंत २-१ ने पुढे होतो आणि मॅच २-५ ने हरलो. त्यानंतर जी घसरण लागली ती थांबलीच नाही, शेवटच्या तेरा लीग मॅचमध्ये एक विजय.

तर प्रश्न असा की राग आधी आला की पराभव? आणि दुसऱ्या क्लबांनी असले जुगार खेळले तेव्हा काय झालं? टॉटनहॅम, युव्हेंटस, चेल्सीवाले असतील तर त्यांनी जरूर लिहा.

रेफ्रीची_शिट्टी

सरळ उत्तर, चूक क्लबच्या मालकाची. मोशिरीने २०१६ ला क्लबात पैसा ओतायला घेतला आणि तेव्हापासून २०२१ पर्यंत पूर्णवेळ मॅनेजर कोण कोण झाले बघ, कूमन, ॲलरडाइस, मार्को सिल्वा, ॲन्चेलोत्ती, बेनिटेझ. पाच वर्षांत पाच जण आणि एकाचा खेळ दुसऱ्याशी जुळत नाही. एकाने आणलेले प्लेअर दुसऱ्याला नकोत. ॲलरडाइसची निवडसुद्धा वादग्रस्तच होती की, टीम आठवी आणली तरी कोणाला तो नको होता, आणि क्लबने तर फॅन्सना सर्व्हे पाठवला होता की याला दहापैकी किती मार्क द्याल!! असं जगात दुसरीकडे कुठे बघितलंय का कोणी

सफेद_कोंबडा

तुम्ही टॉटनहॅमचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे हा प्रयोग १९९८ लाच झालाय, ऑक्टोबरमध्ये जॉर्ज ग्रॅहम आले. आता ग्रॅहम म्हणजे कोण, आमच्या कट्टर वैरी आर्सेनलचा आधी खेळाडू आणि नंतर १९८९ आणि १९९१ ला आर्सेनलला लीग जिंकून देणारा मॅनेजर, आणि शिवाय एजंटकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९९५ ला तिथून हाकललेला आणि वर्षभर बंदी भोगून आलेला. यापेक्षा वादग्रस्त माणूस शोधून सापडला नसता.

आणि गंमत म्हणजे त्यांनी पाच महिन्यांत कप जिंकला. १९९९ चा लीग कप, वेम्बलीवर लेस्टरविरुद्ध १-० ने, गोल अगदी शेवटच्या मिनिटाला. त्याआधीचा आमचा कप १९९१ चा, म्हणजे आठ वर्षांनी हातात काहीतरी आलं होतं. तरी माणूस आपला झाला का? नाही. स्टेडियममध्ये गाणं असायचं त्यात मॅनेजरचं नाव घालायची पद्धत आहे, अमक्याची निळी-पांढरी फौज असं. ग्रॅहमचं नाव तोंडातून निघेना म्हणून लोक म्हणायचे "रेनकोटवाल्याची निळी-पांढरी फौज". कारण साहेब टचलाइनवर रेनकोट घालून उभे राहायचे. मला विचाराल तर एवढ्या एका ओळीत सगळं आलं, टीम आमची आहे, विजय आमचा आहे, हा कोण रेनकोटवाला आम्हाला माहीत नाही.

पुढे क्लबची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी मार्च २००१ मध्ये त्यांना काढलं, एफए कपच्या सेमीफायनलला काही आठवडे उरले असताना, आणि सेमीफायनल होती कोणाशी, तर आर्सेनलशीच. दुसरा कोणी असता तर फॅन्सनी दंगा केला असता, की थांबा निदान सेमीफायनल तरी होऊ द्या. ग्रॅहमसाठी फारसं कोणी रडलं नाही.

म्हणून निळ्या_बाजूचा, तुमच्या मित्राचंही पूर्ण चूक नाही आणि तुमचंही नाही. परका मॅनेजर आला की त्याच्या खात्यात शिल्लक शून्य असते. जिंकतोय तोवर रोजचा खर्च रोज भागतो, कोणी काही बोलत नाही. पण घरच्या माणसाला चार मॅच हरल्यावर लोक म्हणतात जाऊ दे, वेळ देऊ, तो उधारीचा काळ याला मिळत नाही. वॉटफर्डची मॅच हरणारा लॅम्पार्ड (बेनिटेझनंतर आलेला मॅनेजर) असता तर लोकांनी डिफेन्सला शिव्या घातल्या असत्या. बेनिटेझ होता म्हणून बेनिटेझला घातल्या.

लाल_पक्षी

लिव्हरपूलवाला आहे, आमच्यासाठी तर राफाने शेवटपर्यंत इमानदारीने काम केलं 😂 एव्हर्टनच्या तेव्हाच्या ग्राउंडवर, गुडिसनवर, ४-१ ने डर्बी हरून दाखवली, अजून काय करायचं माणसाने

निळ्या_बाजूचा

@लाल_पक्षी गप रे.

@सफेद_कोंबडा रेनकोटवालं माहीतच नव्हतं, जबरदस्त. उधारीवालं पटलं पण मग बोर्डाला हे आधी कळायला नको का? खात्यात शिल्लक नसलेला माणूस आणायचा तर त्याला निदान टीम तरी बांधून द्यायची.

ताळेबंद

इथेच तर खरी मेख आहे आणि सगळे जण वैराच्या गोष्टीत इतके रमतात की हिशोबाकडे कोणी बघत नाही. प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम असा होता की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता (काही खर्च त्यातून वगळायचे ते सोडून). आधीच्या मॅनेजरांच्या काळात एव्हर्टनने पैसा पाण्यासारखा घालवला होता त्यामुळे बेनिटेझच्या वाट्याला आला तो दुष्काळातला तेरावा महिना. त्याला त्या उन्हाळ्यात काय मिळालं, टाउनसेंड फुकटात आणि डेमराय ग्रे १७ लाख पौंडांच्या आसपास, जो त्या लीगमध्ये सुट्ट्या पैशांचा हिशोब झाला. आणि खरं सांगायचं तर दोन्ही खरेद्या त्यानेच बरोबर केल्या होत्या, सुरुवातीचे पॉइंट याच दोघांच्या जिवावर आले. मग कॅल्व्हर्ट-लुइन दुखापतीने बाहेर, रिचार्लिसन काही काळ बाहेर, डुकुरे बाहेर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि हे मी उगाच म्हणत नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये याच तोट्यावरून एव्हर्टनचे दहा पॉइंट कापले, अपिलात ते सहावर आले, आणि ज्या हिशोबावरून कापले तो २०२१-२२ ला संपणाऱ्या काळाचा होता. म्हणजे ज्या सीझनमध्ये लोक बॅनर लावून एका माणसाला दोष देत होते त्याच सीझनमध्ये क्लबची तिजोरी नियमाच्या बाहेर गेलेली होती. तिथे गार्डिओला आणून बसवला असता तरी खरेदीची यादी तीच राहिली असती.

झेब्रा_क्रॉसिंग

मी जरा उलटं बोलणार. परक्याला कधीच माफी नाही हे खोटं आहे, जिंका, सगळं माफ होतं. २०१४ चा जुलै आठवा, मॅनेजर कॉन्तेने सीझनची तयारी सुरू असताना युव्हेंटस सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी क्लबने ॲलेग्रीला आणलं, ज्याला मिलानने जानेवारीतच हाकललं होतं. ट्रेनिंग सेंटरबाहेर लोक जमले, गाडीवर अंडी फेकली, लाथा घातल्या. बोर्ड वेडा झालाय असं सगळे म्हणत होते आणि मीसुद्धा म्हणत होतो, कबूल करतो. पुढे काय, सलग पाच लीग, सलग चार इटालियन कप, चॅम्पियन्स लीगच्या दोन फायनल. अंडी फेकणारे नंतर कुठे लपले कोणास ठाऊक.

आणि कॉन्ते स्वतः २०१९ ला इंटरला गेलाच की. युव्हेंटसचा कॅप्टन, युव्हेंटसचा मॅनेजर, आणि इंटरच्या डगआउटमध्ये! इंटरच्या लोकांनी नाकं मुरडली, आमच्या युव्हेंटसवाल्यांनी स्टेडियमबाहेरचा त्याच्या नावाचा तारा काढून टाका म्हणून सह्या गोळा केल्या. २०२१ ला त्याने आमची सलग नऊ लीगची साखळी तोडून दाखवली. इंटरवाल्यांनी डोक्यावर घेतला ना मग?

सफेद_कोंबडा

अहो पण ॲलेग्रीची गोष्ट वेगळी आहे. तो मिलानचा म्हणून लोकांना नको होता, पण त्याने युव्हेंटसला कधी हिणवलं नव्हतं, आणि त्याच्या हातात आली ती सलग तीन वेळा चॅम्पियन झालेली तयार टीम. पिर्लो, विडाल, पोग्बा, बुफॉन. अशी टीम मिळाल्यावर अंडी पुसायला वेळ लागत नाही.

आणि जिंकल्यावर सगळं माफ म्हणता तर बेनिटेझचंच चेल्सीतलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१२, डी मात्तेओने सहा महिन्यांपूर्वी चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेली, त्याला काढून याला हंगामी म्हणून आणलं. पहिल्या मॅचपासून हुर्यो. दर मॅचच्या सोळाव्या मिनिटाला लोक डी मात्तेओसाठी टाळ्या वाजवायचे कारण त्याचा जर्सी नंबर सोळा होता. त्यात बेनिटेझने युरोपा लीग जिंकली, बेनफिकाला २-१, लीगमध्ये तिसरा आणला. आणि निघाला तेव्हा कोणी थांब म्हणालं नाही. जिंकूनही नाही. कारण लिव्हरपूलमध्ये असताना तो चेल्सीच्या फॅन्सबद्दल बोलला होता ते कोणी विसरलं नव्हतं. पराभव विसरतात हो लोक, टोमणा विसरत नाहीत.

झेब्रा_क्रॉसिंग

टोमण्याचा मुद्दा मान्य. कॉन्तेने इंटरला असं काही ऐकवल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून जमलं असेल.

मधली_फळी

टोमण्यावरून क्लफ कोणालाच कसा आठवला नाही. लीड्स, १९७४. डॉन रेव्ही इंग्लंडची टीम सांभाळायला गेला आणि त्याच्या जागी आला ब्रायन क्लफ, ज्याने वर्षानुवर्षं लीड्सला रडीचा डाव खेळणारे म्हणून झोडपलं होतं. आल्या आल्या प्लेअरना म्हणाला तुमची मेडलं कचऱ्यात टाका, तुम्ही ती सरळ मार्गाने जिंकलेली नाहीत. ४४ दिवसांत गेला, सहा लीग मॅचमध्ये एक विजय. टीम वाईट होती म्हणावं तर तीच टीम त्याच सीझनमध्ये युरोपियन कपच्या फायनलला पोचली. मॅनेजर वाईट म्हणावा तर त्याने पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या क्लबला १९७८ ला लीग आणि १९७९, १९८० असे दोन युरोपियन कप दिले. दोन्ही चांगले, एकत्र नासले.

पण यात फॅन्स कुठे आहेत? ४४ दिवसांत फॅन्स काय करणार. क्लफला पाडलं ड्रेसिंग रूमने. तुम्ही सगळे स्टँडकडे बघताय, मी म्हणतो आत बघा. एव्हर्टनमध्ये फॅन्स बोंबलत होते ते ठीक, पण लुका दीन्यचं काय झालं ते सांग की @निळ्या_बाजूचा, तुला जास्त माहीत असेल.

निळ्या_बाजूचा

अरे त्या जखमेवर मीठ नको. दीन्य म्हणजे आमचा सगळ्यात चांगला क्रॉस टाकणारा लेफ्ट बॅक. बेनिटेझशी त्याचं खेळण्याच्या पद्धतीवरून बिनसलं, डिसेंबरमध्ये टीममधूनच बाहेर बसवला. त्याच महिन्यात डर्बीनंतर फुटबॉल डायरेक्टर ब्रँड्सही गेला, म्हणजे मालकाने दोघांत निवड करून मॅनेजरच्या पारड्यात वजन टाकलं असंच सगळ्यांना वाटलं. फॅन्स ओरडत होते तेव्हासुद्धा बोर्ड त्याच्या बाजूनेच होता, हे मित्राला सांगायचं राहूनच गेलं.

मग जानेवारीत दीन्यला जवळपास अडीच कोटी पौंडांना ॲस्टन व्हिलाला विकला. तारीख होती १३. पंधराला तळाच्या नॉर्विचकडून २-१ ने हरलो, त्यातला एक गोल तर आम्हीच आमच्यात मारला. आणि सोळाला बेनिटेझला काढलं.

ज्याच्यासाठी प्लेअर घालवला तो त्यानंतर तीन दिवस टिकला. तीन दिवस!

ताळेबंद

निदान अडीच कोटी आले.

लाल_पक्षी

मी म्हटलं होतं ना, शेवटपर्यंत इमानदारीने