मदत हवी आहे : तेलक्षेत्रातला हिस्सा विकणं आणि हिस्सेदार कंपनीच विकणं

नमस्कार मंडळी. एलएलएमच्या प्रबंधासाठी मुंबईजवळच्या समुद्रातल्या पन्ना-मुक्ता आणि ताप्ती तेल-वायू क्षेत्रांसाठी सरकारशी झालेल्या १९९४ च्या करारावर लिहिते आहे. तेल-वायू क्षेत्रात काम केलेलं किंवा असे करार हाताळलेलं कुणी इथे आहे का?

सुरुवातीला ओएनजीसीकडे ४० टक्के, रिलायन्स आणि एन्रॉनकडे प्रत्येकी ३० टक्के हिस्सा होता. एन्रॉन बुडाल्यावर २००२ मध्ये बीजी या ब्रिटिश वायू कंपनीने तो ३० टक्के हिस्सा ज्या कंपनीच्या नावावर होता ती कंपनीच घेतली. हिस्सा मिळाला, पण ऑपरेटर (म्हणजे क्षेत्राचं रोजचं काम चालवणारा भागीदार) कोण यावरून भागीदारांत जुंपली आणि शेवटी संयुक्त ऑपरेटर अशी तडजोड झाली. पुढे २०१६ मध्ये शेलने बीजी जगभरातल्या मालमत्तेसह विकत घेतली. कागदोपत्री हिस्सेदार तोच, मालक मात्र नवा!

थेट हिस्सा दुसऱ्याला द्यायचा तर केंद्र सरकारची संमती लागते, एवढं स्पष्ट आहे. माझं अडतं ते पुढे. परदेशातली मूळ कंपनीच विकली गेली, तर ही संमती प्रत्यक्षात घेतात की नुसतं कळवतात? आणि ऑपरेटरपद हिस्स्याबरोबर आपोआप जात नाही, याचा आधार सरकारशी झालेल्या करारात शोधायचा की भागीदारांच्या आपसातल्या करारात? हा दुसरा करार सहसा बाहेर येत नाही, तीच खरी पंचाईत आहे.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या वायूक्षेत्रातला निको या कॅनडाच्या कंपनीचा १० टक्के हिस्सा मला इथे नकोय. निकोने आपल्या वाट्याचे पैसे न भरल्याने तो रिलायन्स आणि बीपीकडे गेला, ते प्रकरण वेगळं. एखादा निवाडा किंवा कलम सुचवलंत तरी खूप झालं.