मूल हवंय, पण 'आता' कधी म्हणायचं?

लग्नाला थोडी वर्षं झाली की 'गोड बातमी कधी देताय' असं विचारणारे पावलोपावली भेटतात. 'तुम्ही स्वतः कशावरून ठरवलंत' असं उलट विचारलं की तेच लोक हसून विषय बदलतात. म्हणून इथे विचारतेय. मी 31 वर्षांची, नवरा 34. मूल नको असं अजिबात नाही, पण 'चला, आता' म्हणायला जीभ रेटत नाही. सल्ले नकोत, ते न मागता मिळताहेत. तुमचं कशावर ठरलं, कशावर अडलं, तेवढं सांगा. पुरुषांनीही लिहा, तुम्हाला हे कुणी विचारतच नाही. नाव द्यायची गरज नाही.

* * *

आमची एक यादी होती. आधी स्वतःचं घर, मग माझी बढती, मग थोडी शिल्लक. एकेक गोष्ट होत गेली, पण यादी काही संपेना, कारण मीच खाली नवीन काहीतरी जोडायचे. एकदा नवरा म्हणाला, "समज, हे सगळं उद्याच झालं. मग हो म्हणशील?" मला हो म्हणवेना. बढती-बिढती सगळा बहाणा होता, मला बाळंतपणाची भीती वाटत होती. तीच घेऊन डॉक्टरांकडे गेले. कळा सोसवल्या नाहीत तर काय, एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते औषध, कधी देतात, सिझर कधी करावं लागतं, सगळं विचारून घेतलं. भीती गेली नाही, पण नक्की कशाला आणि किती घाबरायचं ते कळलं. मुलगी आता दुसरीत आहे.

* * *

पुरुषांनी लिहा म्हणालात म्हणून. बायको माझ्या बरीच आधी तयार होती. माझे वडील फार तापट होते, घरात त्यांचं पाऊल वाजलं की आम्ही भावंडं गप्प व्हायचो. आपणही तसेच निघालो तर, एवढंच डोक्यात. समुपदेशकांकडे काही महिने गेलो, राग कुठे येतो आणि आला की काय करायचं हे शिकलो. आता राग येतच नाही असं नाही. पण वडिलांना तो येतोय हे कळायचंच नाही, मला कळतो.

दुसरं म्हणजे आम्ही कामं लिहून काढली. रात्री कोण उठणार, लसी द्यायला कोण नेणार, बाळाला ताप आला तर रजा कोणाची. ती यादी करताना जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नात झाली नव्हती. आणि सिगारेट. डॉक्टर म्हणाले, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा चान्स घ्यायच्या निदान तीन महिने आधी सोडा. तोवर मला वाटायचं, तब्येत फक्त बायकांनी सांभाळायची असते.

* * *

मला फिट्स येतात, त्यामुळे माझ्यासाठी 'मन तयार आहे का' हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर होता. पहिला गोळीचा. मी व्हॅल्प्रोएट घेत होते. गर्भ राहिला तर या औषधानं बाळात व्यंग येण्याचा आणि त्याच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका बराच असतो. ऐकल्याबरोबर गोळी बंदच करून टाकावी असं वाटलं, पण न्यूरोलॉजिस्टनी दटावलं: मनानं बंद करायची नाही, फिट्स आल्या तर आईलाही धोका आणि बाळालाही. मग हळूहळू दुसरं औषध सुरू केलं, त्यावर फिट्स आटोक्यात राहतात का ते पाहिलं, आणि त्यानंतरच हिरवा कंदील. फोलिक अ‍ॅसिडसुद्धा मला 5 मिलिग्रॅमचं दिलं, एरवी रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. ते आधीपासून का घ्यायचं, तर बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या नळीतून बनतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेच ठाऊक नसतं.

थायरॉइड, मधुमेह, बीपी असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना भेटा. रुबेलाची लस झाली नसेल तर तीही आधीच घ्यावी लागते, गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. हे सगळं चालू असताना सासूबाईंना वाटायचं, आम्ही नुसते टाळतोय. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून वाटू दिलं.

* * *

आम्ही नाही म्हणून ठरवलं. बरीच वर्षं 'अजून तयारी नाही' म्हणत होतो, मग लक्षात आलं की इच्छाच नाही. दोघांनाही नव्हती, हे आमचं नशीब. म्हातारपणी कोण बघेल, असं विचारणाऱ्यांना मी त्यांची मुलं कुठे राहतात ते विचारते.

* * *

आमचं ठरवणं वगैरे काही झालंच नाही. काळजी घेऊनही दिवस गेले. मी 27 ची होते, नोकरी नवी होती, रडले. मग ठेवायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. इथे 'बाळाला पाहिलं आणि सगळं विसरले' असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. पहिले काही आठवडे मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन निघालं, औषधं घेतली, बरी झाले. ठरवून झालेल्या मुलांच्या आयांनाही हे होतं, म्हणून सांगून ठेवतेय. आता माझा मुलगा आणि मी एकमेकांचं डोकं खातो.

* * *

घाबरवायला लिहीत नाही, पण घड्याळाबद्दल कुणीतरी लिहायला हवं. माझ्या 33 व्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली होती, घरात आजारपण होतं, तेव्हा थांबलो ते बरोबरच केलं. त्याच सुमारास एएमएच नावाची रक्ततपासणी केली, आकडा चांगला आला, निश्चिंत झाले. पुढे कळलं की त्यातून स्त्रीबीजं साधारण किती उरलीत एवढंच समजतं. ती कशी आहेत किंवा आपसूक दिवस जातील का, ते नाही. 38 व्या वर्षी सुरुवात केली. एक गर्भपात, मग आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), मग मुलगी. डॉक्टरांचे आकडे देते: बाळात डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मागे राहणारा जन्मजात गुणसूत्रांचा दोष, असण्याची शक्यता आईच्या 25 व्या वर्षी साधारण 1250 त एक असते, 40 व्या वर्षी साधारण 100 त एक. म्हणजे तेव्हाही बहुतेक बाळं त्याशिवायच जन्मतात, हे मला कुणी पटकन सांगितलं नाही. आणि पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पुढे असाल तर सहा महिने चान्स घेऊनही दिवस गेले नाहीत, तर तपासण्या करा. दोघांच्याही.

* * *

सगळ्यांचं वाचतेय, नवऱ्यालाही वाचायला लावलंय. कामांची यादी ज्यांनी केली त्यांना एक विचारायचंय: ती पाळली गेली का?

* * *

नाही. रात्रीच्या पाळ्या पहिल्याच आठवड्यात कोसळल्या, कारण बाळ अंगावर पीत होतं आणि बायकोला उठावंच लागायचं. मग मी ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं घेतलं, ते टिकलं. लसींना अजून मीच नेतो. तापाच्या रजेवर मात्र दर वेळी नव्यानं भांडतो.