विषय: रि: रि: गणपतीची शिल्लक – मशीन घ्यायचं का नक्की?

ठाण्याहून, माजी खजिनदार:

नमस्कार मंडळी,

भारतात येऊन दोन आठवडे झाले तरी झोप अजून तिकडच्याच वेळेवर आहे, पहाटे साडेतीनला टक्क जागा, म्हणून लिहायला बसलोय. गेल्या मीटिंगला आपलं ठरलं होतं की आपल्या परदेशातल्या मंडळाच्या गणपती उत्सवातली शिल्लक इथल्या, ठाण्याच्या, ट्रस्टच्या हॉस्पिटलला द्यायची, त्यातून सोनोग्राफीचं मशीन, त्यावर मंडळाच्या नावाची पाटी. मीपण हात वर केला होता. काल हॉस्पिटलच्या गाडीतून शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन आलो आणि आता मला माझं मत बदलायचंय.

सकाळी सातला तीन हात नाक्यावरून निघालो, भिवंडी बायपासला अडकलो ते अडकलोच. गाडीत एक डॉक्टर, एक सिस्टर आणि त्यांची आरोग्यसेविका. पाड्यावर आशाताईंनी (गावातली सरकारी आशा सेविका) बायका गोळा करून ठेवल्या होत्या. त्यात एक पोरगी, सहावा महिना, हिमोग्लोबिन ७.८ (गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया). डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेव, पुढची. दोन मिनिटं. मग आरोग्यसेविका तिच्या घरी गेली, मीपण मागे मागे गेलो. तांदळाच्या डब्यातून पोरीने प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात लोहाच्या सरकारी लाल गोळ्यांच्या पट्ट्या, एकही फोडलेली नाही. का? तर संडासला काळं होतं, सासू म्हणाली अंगात विष भिनतंय. आरोग्यसेविका ताई चुलीपाशी बसली, पोरीशी नाही, आधी सासूशी बोलली! काळं होणारच, लोखंड आहे ते, घाबरायचं नाही, फक्त चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळून पाण्याबरोबर घ्यायची. पाऊण तास गेला. सासूने स्वतःच्या हाताने पट्टी फोडून दिली तेव्हा ताई उठली.

तर ह्या ताईचा पगार एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) येत होता, तो मार्चला संपला. सध्या हॉस्पिटल इकडून तिकडून भागवतंय. आणि मशीन काय, पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान बंदीचा) कायदा असल्यामुळे असंच गाडीत टाकून पाड्यावर नेता येत नाही, ते ठाण्यातच बसणार, आणि ठाण्यात सोनोग्राफीला काय तोटा आहे, गल्लीगल्लीत बोर्ड आहेत. म्हणून म्हणतो, मशीनऐवजी ताईचा पगार आणि गाडीचं डिझेल देऊया.

अध्यक्ष:

अरे, तुझं लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण दोन शंका. एक, ट्रस्टच्या हॉस्पिटलांना गरिबांवर फुकट उपचार कायद्यानेच करावे लागतात ना, मग आपण कशाला? दोन, पगार म्हणजे अ‍ॅडमिनचा खर्च, परदेशी पैशातून तो किती करायचा याला लिमिट आहे असं ऐकलंय. शिवाय लोकांना दाखवणार काय?

ठाण्याहून:

काका, कायदा आहे, बरोबर. १० टक्के बेड निर्धन पेशंटना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात, आणि बिलिंगचे २ टक्के आयपीएफ फंडात (गरीब पेशंटच्या बिलांसाठीचा निधी) टाकायचे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. पण हे सगळं पेशंट हॉस्पिटलच्या दारात आल्यावर. ती पोरगी ठाण्याला येणारच नाहीये हो, तिला कागदपत्रं कोण देणार आणि शहापूरहून एसटी-लोकल करून कोण आणणार! आयपीएफचा पैसा बिलासाठी, गाडीच्या डिझेलसाठी नाही.

अ‍ॅडमिनच्या खर्चाचं लिमिट परदेशी पैशाच्या २० टक्के आहे, २०२० पासून, आधी ५० होतं. पण हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा पगार त्यात धरत नाहीत असं नियमातच आहे. ताईचा पगार कुठे बसतो ते त्यांच्या सीएला विचारून सांगतो, माझ्या तोंडचं धरू नका.

सेक्रेटरी:

दादा, सगळं पटलं, पण पैसे पाठवायचे कसे ते आधी बघा. आपलं मंडळ इथे परदेशात रजिस्टर्ड, म्हणजे मंडळाचा चेक भारताच्या दृष्टीने परदेशी देणगीच. ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) रजिस्ट्रेशन लागेल आणि पैसे त्यांच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच जातील, ठाण्याच्या खात्यात टाकून चालणार नाही. आणि ट्रस्टने ते पुढे पाड्यावरच्या महिला मंडळाला वगैरे दिलेलं चालत नाही, तेही २०२० पासून बंद आहे. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते स्वतःच्या कमाईतून, बँकेतून, सरळ देऊ शकतात, त्यांना हे लागू नाही. ओसीआयवाल्यांना (पासपोर्ट परदेशी, भारताचं फक्त ओसीआय कार्ड) मात्र लागू आहे, आणि आपल्यात आता तेच जास्त. दरवर्षी आरतीला कोणाकडे कुठला पासपोर्ट हा हिशोब ठेवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तर दादा, त्यांचा एफसीआरए नंबर आणि त्याची मुदत कधी संपतेय, एवढं उद्या विचारा.

अध्यक्ष:

ठीक आहे. नंबर आला की मी ठराव मांडतो, एक वर्षाचा पगार आणि डिझेल, आकडा तू आण. पाटीचा विषय मात्र अजेंड्यावरून काढू नका, तीन मेंबरांनी केवळ पाटीसाठी चेक फाडलाय, त्यांच्याशी मला फोनवर बोलावं लागेल.