११८ च्या पुढचे मूलद्रव्य अजून का मिळत नाही?

प्रश्न
ओगानेसनने (अणुक्रमांक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, ११८) आवर्तसारणीची सातवी ओळ पूर्ण झाली, २०१६ मध्ये त्याचे नामकरणही झाले. मात्र त्यानंतर एकाही नव्या मूलद्रव्याची भर पडलेली नाही. अडचण साधनांची आहे, की सारणीच येथे संपते?

उत्तर १
सध्याची अडचण मुख्यतः कच्च्या मालाची आहे. ओगानेसनसाठी कॅलिफोर्नियमवर (९८ प्रोटॉन) कॅल्शियम-४८ च्या अणुकेंद्रांचा (२० प्रोटॉन) मारा केला होता. हीच युक्ती ११९ साठी वापरायची, तर लक्ष्य म्हणून आइन्स्टाइनियम लागते आणि ते पुरेशा प्रमाणात तयारच करता येत नाही. म्हणून मारा करणारे केंद्रच जड घ्यावे लागते. जपानच्या रिकेन संस्थेने क्युरियमवर (९६) व्हॅनेडियमचा (२३) मारा करण्याचा मार्ग धरला आहे. अमेरिकेतील बर्कले प्रयोगशाळेत २०२४ मध्ये टायटॅनियम वापरून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवायला २२ दिवस लागले, आणि ते तर आधीच ठाऊक असलेले मूलद्रव्य!

उत्तर २
सारणी कोठे संपते, म्हणजे जास्तीत जास्त किती प्रोटॉन शक्य आहेत, याविषयी १३७ हा आकडा वारंवार सांगितला जातो, परंतु तो अणुकेंद्र बिंदुवत मानल्यामुळे येतो. केंद्राचा खरा आकार धरला, तर गणित १७३ च्या आसपास जाते. माझ्या मते केंद्राची अस्थिरता त्याआधीच आडवी येईल.

प्रश्नकर्ता
मग ‘स्थैर्याच्या बेटा’चे, म्हणजे काही अतिजड केंद्रे तुलनेने जास्त काळ टिकतील या अंदाजाचे, काय?

उत्तर १
त्यासाठी सुमारे १८४ न्यूट्रॉन हवेत. फ्लेरोव्हियम-२८९ मध्ये (११४ प्रोटॉन) १७५ न्यूट्रॉन आहेत आणि ते जेमतेम दोन सेकंद टिकते. उरलेले नऊ न्यूट्रॉन आणायचे कोठून, हाच खरा पेच आहे.